पितळ घासलं तरी पुन्हा काळं पडतंय, गुलाबी होतंय, काठाशी चिरतंय? कारणं आणि उपाय

दर वर्षी श्रावण लागला की साताऱ्यात आमच्या गल्लीतलं माळ्यावरचं पितळ खाली उतरतं. समया, निरांजनं, तांबे, पराती, एखाद्या घरी आजीच्या माहेरून आलेलं घंगाळ. दुपारभर चिंच-मीठ लावून घासाघीस चालते. संध्याकाळी अंगणात सगळं सोन्यासारखं चमकतं आणि चौथ्या दिवशी कोणीतरी समई घेऊन माझ्या दारात उभं असतं. "भाऊ, बघा ना, परत काळी पडली. घासून घासून हात गळून गेले."

लष्करात वीस वर्षं माझं काम शस्त्रांच्या देखभालीचं होतं. त्यात पितळाशी रोजचा संबंध. गोळी उडाल्यावर मागे राहते ती पुंगळी, आमच्या फौजी भाषेत खोका, ही पितळाचीच असते. ७० टक्के तांबं आणि ३० टक्के जस्त. फायरिंग संपलं की रेंजवरून पुंगळ्या वेचून, मोजून जमा कराव्या लागत, त्यामुळे हजारो पुंगळ्या हातांखालून गेल्या. काळ्या पडलेल्या, हिरव्या झालेल्या, तोंडाशी तडकलेल्या, सगळ्या पाहिल्या. निवृत्त होऊन घरी आलो आणि लोक समया दाखवायला लागले, तेव्हा लक्षात आलं की तक्रारी अगदी त्याच आहेत. धातू तोच, तर दुखणी वेगळी कशी असतील?

एक गोष्ट आधीच ठामपणे सांगतो. पितळ पुन्हा काळं पडतं ते घासणं कमी पडलं म्हणून नाही. घासल्यानंतरचं धुणं आणि वाळवणं अर्धवट राहतं म्हणून. आपण तासभर घासतो, नळाखाली दोन मिनिटं धरतो आणि ओलसर फडक्यानं पुसून ठेवून देतो. सगळा घोळ त्या शेवटच्या पाच मिनिटांत होतो.

घासायच्या आधी वस्तू ओळखा

चुंबक लावून बघा. चिकटला तर वस्तू लोखंडाची आहे आणि वर पितळाचा मुलामा आहे. ती घासत बसलात तर मुलामा जाईल आणि खालून गंज येईल. तिला नुसतं साबणाचं पाणी आणि कोरडं फडकं पुरे.

दुकानातून शोभेची म्हणून आणलेल्या बऱ्याच वस्तूंवर पारदर्शक लॅकर असतं. ते जागोजागी उडालं की उघड्या पडलेल्या भागावर काळे चट्टे येतात आणि लॅकर शिल्लक असलेला भाग पिवळा राहतो. वरून कितीही चिंच चोळा, चट्ट्यांच्या कडा जात नाहीत. आधी अ‍ॅसिटोननं, म्हणजे नखांचं पॉलिश काढायच्या द्रावणानं, राहिलेलं लॅकर पूर्ण काढायचं. हे काम गॅलरीत किंवा अंगणात करा. देव्हाऱ्यातलं निरांजन तेवत असताना त्याच्याजवळ तर मुळीच नको, कारण अ‍ॅसिटोन भडकन पेटतं.

काशाची थाळी आणि पितळेची थाळी यांतही गल्लत होते. काशात तांब्याबरोबर कथील असतं, पितळात जस्त. काशाचा रंग थोडा फिका, टिचकी मारली की आवाज लांबवर घुमत राहतो. खाली लिहितोय ते पितळाबद्दल आहे.

दोन-चार दिवसांत काळपट होणं

ही सगळ्यात जास्त येणारी तक्रार. चिंचेतलं आम्ल, लिंबाचं आम्ल, आंबट ताकातलं आम्ल, सगळी काम एकच करतात: पितळावर साचलेला काळा थर विरघळवतात. मीठ घातलं की हे काम झपाट्यानं होतं, म्हणून आपल्या आज्या चिंचेबरोबर मीठ घ्यायच्या. यात चूक काहीच नाही. पण थर निघाल्यावर खालचा धातू अगदी उघडा पडलेला असतो आणि त्याच वेळी त्याच्या नक्षीत, सांध्यात, समईच्या आट्यांच्या खाचांत मीठ आणि आम्ल दडून राहिलेलं असतं. मीठ हवेतला ओलावा ओढतं. श्रावणात हवेत ओलावा मुबलक. मग वरवर कोरडी दिसणारी समई आतून ओलीच असते आणि नव्यानं काळी पडायला लागते.

मी हे एकदा मुद्दाम करून पाहिलं. एकाच दुकानातली दोन फुलपात्रं घेतली. दोन्हींना चिंच-मीठ लावलं, दोन्ही सारखीच लखलखली. एक नळाखाली धरून फडक्यानं पुसलं आणि खिडकीत ठेवलं. दुसरं खायच्या सोड्याच्या पाण्यातून काढलं, तीन पाण्यांनी धुतलं, पुसलं, उन्हात तापवलं आणि मग त्याच खिडकीत शेजारी ठेवलं. तिसऱ्या दिवशी पहिल्याच्या काठाखाली तपकिरी ओघळ आले होते, पाणी जसं निथळलं असेल तसेच. बुडाच्या कडेला, जिथे पाण्याचा शेवटचा थेंब थांबतो, तिथे काळा गोल. दुसरं तसंच पिवळं होतं. दोन्ही फुलपात्रं मी महिनाभर खिडकीतच ठेवली आणि जो कोणी समई घेऊन आला, त्याला आधी ती दाखवली.

आता पद्धत सांगतो, क्रम चुकवू नका.

समई, निरांजन असेल तर आधी तेल काढायचं. तेल जळून आणि वाळून त्याचा चिवट, पिवळट खळ बसतो, त्यातून आम्ल खाली पोचतच नाही. मग माणूस वाटेल तितकी चिंच चोळतो आणि उघडा भाग जास्त खाल्ला जातो, खळाखालचा काळाच राहतो. कढत पाण्यात धुण्याचा सोडा घालून समईचे भाग सुटे करून अर्धा तास बुडवून ठेवा, जुन्या दातांच्या ब्रशनं आटे साफ करा. पाणी वस्तूवर सलग पसरायला लागलं, थेंब थेंब होऊन घरंगळलं नाही, म्हणजे तेल गेलं.

मग आम्ल. चिंच चालेल, आमसूल चालेल. मी स्वतः किराणा दुकानात मिळतं ते लिंबूसत्त्व वापरतो, कारण त्याचं माप धरता येतं. एक लिटर कोमट पाण्यात दोन चहाचे चमचे, सोबत भांडी घासायच्या द्रावाचे चार थेंब. मीठ नाही. वस्तू बुडवा आणि घड्याळ लावा. पाच मिनिटांनी काढून बघा. दहा मिनिटांच्या वर ठेवू नका, त्यापुढे ठेवलं तर काय होतं ते खाली सांगतो. काळा थर राहिला असेल तर मऊ कापडानं चोळा, पुन्हा दोन मिनिटं बुडवा.

काढल्याबरोबर धुवा. एक पाणी साधं. दुसऱ्या पाण्यात लिटरमागे एक चमचा खायचा सोडा, त्यात वस्तू फिरवून घ्यायची, खाचांत ब्रश मारायचा. राहिलेलं आम्ल इथे मरतं. नंतर पुन्हा दोन साधी पाणी. हे सोड्याचं पाणी लोक टाळतात आणि नेमकं तेच टाळायचं नाही.

शेवटी वाळवण. पुसून ठेवलं म्हणजे वाळलं असं नाही. समईच्या नळीत, तांब्याच्या दुमडलेल्या काठात पाणी राहतंच. ऊन असेल तर तासभर ऊन, नसेल तर गरम तव्याच्या वर हातभर अंतरावर धरा किंवा केस वाळवायचं यंत्र फिरवा. हाताला सगळीकडे सारखी ऊब लागली पाहिजे. छोट्या वस्तूंसाठी कोरडा, कोमट लाकडी भुसा उत्तम. घुंगरं, देवाच्या पितळी मूर्ती भुशात घोळल्या की खाचेतलं पाणी भुसा ओढून घेतो. परदेशात परवानाधारक नेमबाज रिकाम्या पुंगळ्या साफ करतात तेही याच तत्त्वावर. मक्याच्या कणसातले दाणे काढल्यावर उरणारं खोड भरडतात किंवा अक्रोडाची टरफलं भरडतात आणि पुंगळ्या त्यात घालून पिंपासारख्या यंत्रात तासन्‌तास फिरवत ठेवतात. ना आम्ल, ना पाणी. मळ त्या भरडीला चिकटून निघतो. मक्याचं खोड आपल्याकडे चुलीत जातं, पण पितळाच्या कामाला त्यासारखी सौम्य वस्तू नाही.

वाळल्यावर उघड्या हातानं उचलू नका. घामात मीठ असतं. आज बोटांचे ठसे दिसत नाहीत, आठ दिवसांनी तपकिरी होऊन उमटतात, अगदी रेघांसकट. स्वच्छ सुती कापडानं धरायचं.

आणि ठेवताना रबर बँड लावू नका. रबरात गंधक असतं, जिथे रबर टेकतं तिथे पितळावर काळी रेघ पडते आणि ती खोल असते. ओलसर वर्तमानपत्र नको, गच्च बांधलेली प्लास्टिकची पिशवी नको. जुनं धुतलेलं सुती धोतर किंवा साडी, त्यात गुंडाळून कोरड्या जागी. मेढा, पाटण या पावसाच्या पट्ट्यात राहत असाल तर पावसाळ्यातून एकदा उघडून उन्हं दाखवा. माण-खटाव, जत या कोरड्या भागात हे एवढं करावं लागत नाही. माझ्या बहिणीचं सासर म्हसवडकडे आहे, तिची समई वर्षभर घासावी लागत नाही आणि तीच कंपनी, तोच आकार असलेली समई पाटणला महिन्यात काळवंडते. बायकांच्या कामात फरक नाही, हवेत आहे. उगाच कोणी कोणाला बोल लावू नये.

घासल्यावर पितळ गुलाबी, तांबूस दिसतंय

याला लोक "तांबं वर आलं" म्हणतात, आणि ते शब्दशः खरं आहे. आम्लात पितळ जास्त वेळ राहिलं की त्यातलं जस्त आधी विरघळतं, तांबं मागे राहतं. वरचा अगदी पातळ थर तांब्याचा होतो. रात्रभर चिंचेत भिजत ठेवलेली परात सकाळी गुलाबी दिसते ती यामुळे. संडास धुवायचं अ‍ॅसिड पितळावर घालणारे लोकही मी पाहिलेत. ते करू नका, कृपा करा. त्यानं दोन मिनिटांत लख्ख होतं हे खरं, पण पृष्ठभाग खडबडीत होतो, नक्षीची धार जाते आणि त्या वाफा छातीला लागतात. त्यात कोणी कपडे पांढरे करायचं ब्लीच मिसळलं तर विषारी क्लोरिन वायू निघतो.

गुलाबी होण्याचं दुसरं कारण लोखंड. स्टीलच्या तारेच्या काथ्यानं घासताना त्याचे तुकडे आम्लाच्या पाण्यात पडतात किंवा आम्लाचं पाणी लोखंडी घमेल्यात असतं. पाण्यात विरघळलेलं तांबं मग परत पितळावर येऊन बसतं. म्हणून प्लास्टिकचं टब वापरा आणि तारेचा काथ्या दूर ठेवा. त्याचे तुकडे खाचेत राहिले तर पुढे गंजाचे ठिपकेही येतात.

गुलाबी झालं तर घाबरू नका आणि त्यावर पुन्हा आम्ल लावू नका. सगळेजण नेमकं तेच करतात, आणखी चिंच, आणखी लिंबू, आणि ते आणखी गुलाबी होत जातं. हा थर घासूनच काढायचा. बारीक चाळलेली राख किंवा अगदी बारीक रांगोळी साबणाच्या पाण्यात कालवून मऊ कापडानं एकाच दिशेनं घासा. पितांबरीनंही काम होतं, पण लावून ठेवू नका, घासा आणि लगेच धुवा. दहा-पंधरा मिनिटांत पिवळा रंग परत दिसायला लागतो.

पांढरे ठिपके, पांढरट ओघळ

बोअरच्या जड पाण्याचे क्षार. पितळाला काही झालेलं नाही. शेवटचं धुणं फिल्टरच्या किंवा पागोळीच्या पाण्यानं करा आणि थेंब वाळायच्या आत पुसा.

हिरवा, मेणचट थर

हिरवं दिसलं की लोक दचकतात. तांब्याचे क्षार असतात ते. पण हिरव्याचेही प्रकार आहेत. कोरडी हिरवट भुकटी ओलाव्यानं आणि मिठानं येते. मेणासारखा चिकट हिरवा थर मात्र तेलातुपानं येतो. तेल खवट होतं, त्यात आम्ल तयार होतं, ते तांब्याला धरतं. "घासल्यावर खोबरेल लावून ठेवा" असा सल्ला सर्रास दिला जातो, पण मला तो पटत नाही. पहिले आठ दिवस छान दिसतं, नंतर नक्षीत हिरवं साचतं. शोभेच्या वस्तूला काही लावायचंच असेल तर स्वच्छ मेणाचा पुसट हात द्या आणि कोरड्या कापडानं चकाकी आणा.

आपल्या भागात हा हिरवा थर सगळ्यात जास्त कुठे दिसतो? बैलांच्या घुंगरमाळेवर. बेंदराच्या आदल्या दिवशी माळ काढली की प्रत्येक घुंगराच्या मागे, जिथे ते चामड्याच्या पट्ट्याला टेकतं, तिथे हिरवी वर्तुळं. पट्टा कमावताना वापरलेली आम्लं आणि पट्ट्याला चोळलेलं तेल, दोन्ही मिळून हे करतात. फौजेत जुने लोक सांगायचे की काडतुसं चामडी पट्ट्याच्या घरांत कायमची ठेवू नयेत, हिरवी होऊन अडकतात. कारण तेच. माळ पट्ट्यासकट चिंचेच्या पाण्यात बुडवू नका, चामडं कडक होऊन तडकेल आणि आत राहिलेलं आम्ल पितळाला खातच राहील. घुंगरं निघत असतील तर काढा. निघत नसतील तर कोरड्या ब्रशनं आणि लाकडाच्या काडीनं हिरवं खरवडा, साबणाच्या घट्ट फेसानं वरवर पुसा, लगेच वाळवा. बेंदूर झाल्यावर माळ गोठ्यात खुंटीला टांगू नका, घरात आणा. गोठ्याचं कारण पुढे येतंय.

स्वयंपाकाच्या भांड्याबद्दल दोन शब्द. आतून कल्हई नसलेल्या पितळात ताक, आमटी, चिंचेचं काही ठेवलं तर ते कळकतं, हे घरोघरी माहीत आहे, तरी हल्ली पितळाची हौस नव्यानं आल्यामुळे विसरलं जातंय. कल्हई म्हणजे कथलाचा थर. तो घासून घासून झिजतो, आत पिवळं दिसायला लागलं की पुन्हा कल्हई लावून घ्यायची. वर सांगितलेलं आम्ल आणि राख भांड्याच्या बाहेरच्या अंगाला.

घरात ठेवलेल्या पुंगळ्या

सातारा जिल्ह्यात फौजी नसलेलं गाव सापडणं कठीण. अपशिंगे मिलिटरी हे गाव तर नावातच फौज घेऊन आहे, पहिल्या महायुद्धात त्या एका गावातले ४६ जण कामी आले. अशा घरांत काकांनी, आजोबांनी आणलेली एखादी तोफगोळ्याची पितळी नळी फुलदाणी म्हणून ठेवलेली असते. त्याबद्दल तीन गोष्टी.

पहिली: न उडालेलं काडतूस माळ्यावर सापडलं तर त्याला घासू नका, तापवू नका, आपटू नका. पोलिसांना कळवा. जुनी रिकामी पुंगळी भरून घ्यायचा विचार तर मनातही आणू नका, परवान्याशिवाय काडतूस तयार करणं हा १९५९ च्या शस्त्र अधिनियमाखाली गुन्हा आहे.

दुसरी: रिकाम्या पुंगळीच्या आतल्या काजळीत शिसं असतं, कारण गोळी पेटवणाऱ्या टोपीतल्या मसाल्यात शिशाचे क्षार वापरतात. कोरडी काजळी झटकू नका, ओल्यानंच साफ करा. स्वयंपाकघरातलं भांडं, ओट्यावरची घासणी यासाठी नको. काम झालं की साबणानं हात धुवा, लहान मुलांना त्या पाण्यापासून लांब ठेवा.

तिसरी आवडीची. रायफलच्या पुंगळीच्या तोंडाशी निळसर-तपकिरी झाक असते. ती डाग समजून लोक घासून काढतात. तो डाग नाही. पितळ ओढून, ठोकून आकाराला आणलं की ताठ होतं आणि आतून ताणलेलं राहतं. तोंड तडकू नये म्हणून कारखान्यात तेवढाच भाग तापवून मऊ करतात, बूड मात्र मुद्दाम कडक ठेवतात. तापवल्याची खूण म्हणजे ती झाक. लष्करी काडतुसावर ती तशीच ठेवलेली असते. आठवण म्हणून पुंगळी जपत असाल तर ही खूणही जपा.

कोणी मारलं नाही, पडलं नाही, तरी काठाशी चीर

गेल्या आषाढात शेजारच्या वहिनींनी त्यांच्या सासूबाईंचं घंगाळ आणून माझ्यापुढे ठेवलं. डोळ्यांत पाणी होतं. चार वर्षं ते मागच्या खोलीत पालथं ठेवलेलं. त्या खोलीला लागून गोठा, मध्ये नुसतं कुडाचं आडोसं. कोणी हलवलंसुद्धा नव्हतं. आणि काठापासून खाली बोटभर लांबीची सरळ उभी चीर. मी नखानं चाचपून पाहिलं. कुठे चेप नाही, पत्रा वाकलेला नाही, झिजलेला नाही. सुरीनं कापावं तशी बारीक रेघ. बोटाच्या पेरानं घंगाळ वाजवलं तर नेहमीचा गोल नाद नाही, फुटक्या मडक्यासारखा भद्द आवाज. दुसऱ्या बाजूला, कडीच्या जोडाजवळ, आणखी एक केसाएवढी रेघ सुरू झालेली होती, भिंगाशिवाय दिसत नव्हती.

त्यांना वाटत होतं की आपल्याच हातून कधीतरी पडलं असेल. मी सांगितलं, नाही वहिनी, ह्याला गोठ्यानं चिरलंय.

ब्रिटिश काळात हिंदुस्थानातल्या फौजेला ही गोष्ट फार महागात पडली होती. पावसाळा आला की साठवलेल्या काडतुसांच्या पुंगळ्या आपोआप तडकायच्या. ऋतूप्रमाणे येणारा रोग म्हणून त्याला नाव पडलं सीझन क्रॅकिंग. काडतुसं तबेल्यांत, घोड्यांजवळ ठेवलेली असत. घोड्यांच्या मुतातून अमोनिया निघायचा, दमट हवेत तो पितळावरच्या ओलाव्यात विरघळायचा आणि ओढून-ठोकून आतून ताणलेलं पितळ तिथे तडकायचं. नीट उलगडा झाला तो १९२१ मध्ये. तीन गोष्टी एकत्र याव्या लागतात: आतला ताण, ओलावा आणि अमोनिया. तिन्हींतली एक काढून घ्या, चीर पडत नाही.

घंगाळ पत्रा ठोकून, वळवून केलेलं, काठ दुमडलेला, म्हणजे ताण आलाच. पाऊस आला. आणि गोठ्यात गाई-म्हशींच्या मुताचा तो डोळ्यांना झोंबणारा वास, तोच अमोनिया. पोल्ट्रीच्या शेडशेजारीही हाच धोका. ओतीव समईला, जाड घंटेला हे सहसा होत नाही, कारण त्यांत असा ताण नसतो. पत्र्याच्या वस्तू, पातळ तांबे, कळशा, पराती यांना जपायचं. जस्त १५ टक्क्यांच्या खाली असलेल्या पितळाला हा त्रास जवळपास होत नाही, पण आपली भांडी त्याहून पिवळी असतात.

अमोनिया गोठ्यातूनच येतो असं नाही. काही पातळ धातू-पॉलिशांत तो असतो, बाटली उघडली की नाकात जातो. काचा पुसायच्या फवाऱ्यांतही असतो. फौजेत बेल्टचं बक्कल, बटणं आम्ही अशाच पॉलिशनं चमकवायचो. बक्कल, बटणं जाड असतात आणि पॉलिश लगेच पुसलं जायचं. पुंगळीला मात्र ते पॉलिश लावायला सक्त मनाई होती. तुम्हीही पातळ पत्र्याच्या भांड्याला लावू नका. बाटलीवर काय लिहिलंय यापेक्षा वास घ्या, गोठ्यासारखा झोंबला तर बाजूला ठेवा.

कल्हईत वापरतात तो नवसागर म्हणजे अमोनियाचाच क्षार. कल्हई करताना भांडं तापतं, त्यानं त्याचा ताण थोडा उतरतोही. पण भांडं घरी आल्यावर नवसागराची पांढरी पूड काठाच्या दुमडीत राहिलेली असते. ती गरम पाण्यानं दोनदा धुऊन काढा, तशीच माळ्यावर टाकू नका.

चीर पडलीच तर घासून काही होत नाही, आणि बाहेरून नुसता डाख भरला तर ती डाखाच्या पुढे सरकते. आधी चिरेच्या टोकाला सुईएवढं भोक पाडायचं, म्हणजे ती तिथे थांबते, मग डाख. काठ सगळीकडून सारखा तापवून घेतला तर राहिलेला ताणही उतरतो. हे घरी करायचं काम नाही, जाणत्या तांबटाचं आहे. त्याला "टोकाला भोक घ्या" एवढं स्पष्ट सांगा, नाहीतर घाईत राहून जातं.

वहिनींचं घंगाळ तांबटाकडून करून आणलं. मोठी चीर डाखली, केसाएवढी होती ती तशीच ठेवली, कारण मला बघायचं होतं. सोड्याच्या पाण्यानं धुतलं, उन्हात तापवलं, त्या रेघेच्या टोकाला टाचणीनं बारीक खूण केली आणि घंगाळ त्यांच्या पुढच्या खोलीत, कोरड्या भिंतीशी ठेवलं. आत्ता परवा भिंग घेऊन पाहिलं. आषाढ येऊन गेला, दुसरा पावसाळा सरत आला, रेघ खुणेच्या पुढे गेलेली नाही.